स्वतःची मोटरसायकल परदेशात न्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी माझी हिमालयन मोटरसायकल न्हावाशेवाहून इराणच्या बंदर अब्बासला पाठवली. पुढे इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया असं करत हॅम्बर्गपर्यंत चालवली आणि तिथून बोटीने परत आणली. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे कितीतरी जण फोन करून प्रश्न विचारतात. त्यातले बहुतेक प्रश्न रस्त्याबद्दल असतात. मला मात्र कागदांबद्दल बोलावंसं वाटतं, कारण रस्ता कसाही असला तरी निभावतो, आणि एक शिक्का राहिला की मोहीम अडते. म्हणून इथे कागदांची उत्तरं लांबलचक आहेत, बाकीची थोडक्यात.

गाडी माझी, पासपोर्ट माझा, व्हिसा माझा. मग अडचण कुठे येते?

अडचण अशी की सीमेवर तुमच्याकडे दोन खाती बघतात. इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही प्रवासी आहात. कस्टम्सच्या लेखी तुमची मोटरसायकल म्हणजे माल. तुम्ही हा माल देशात आणलात, उद्या तिथेच विकून आयात शुल्क बुडवलंत तर, हा त्यांचा साधा प्रश्न आहे. म्हणून गाडीला तिचा स्वतःचा प्रवेश हवा, स्वतःचं निर्गमन हवं आणि दोन्हींचा पुरावा हवा. पासपोर्टवर शिक्का बसला म्हणजे गाडीचंही झालं, असं कधीही धरू नका. दोन खिडक्या, दोन शिक्के.

कार्नेट म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’, फ्रेंच आहे. आपल्याकडे सगळे कार्नेट किंवा सीपीडी म्हणतात. हा गाडीचा पासपोर्ट समजा. ‘ही गाडी तात्पुरती आली आहे, परत गेली नाही तर शुल्क आम्ही भरू’ अशी हमी तुमच्या देशातली ऑटोमोबाइल संघटना त्या पुस्तिकेतून देते. त्यामुळे सीमेवर शुल्काइतकी रोख रक्कम ठेवावी लागत नाही.

पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची मिळते आणि एक वर्ष चालते. एका देशाच्या एका भेटीला एक पान. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: एक प्रवेशाच्या वेळी कस्टम्स फाडून घेतं, दुसरा निर्गमनाच्या वेळी, आणि तिसरा, म्हणजे स्थळप्रत, पुस्तिकेतच राहतो. त्या स्थळप्रतीवर प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही शिक्के असायला हवेत. तुमची हमीची रक्कम याच तुकड्यावर अवलंबून असते.

कार्नेट कुठे मिळतं आणि किती पैसे अडकतात?

आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे मुंबईत चर्चगेटला असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. ही संस्था १९१९ पासून आहे. सभासद व्हा, अर्ज भरा, आरसी, पासपोर्ट, विमा, गाडीचं मूल्यांकन आणि जाणार त्या देशांची यादी द्या.

फी हा खर्चाचा छोटा भाग. मोठा भाग हमीचा. गाडीची आजची किंमत आणि यादीतल्या देशांमधला सर्वांत जास्त शुल्कदर यावरून हमी ठरते. एक कडक देश यादीत आला की सगळ्या पुस्तिकेची हमी वाढते. समजा गाडीची किंमत २ लाख धरली आणि दुप्पट हमी मागितली, तर ४ लाख रुपये वर्षभर हलवता येणार नाहीत. ते परत मिळतात, पण तोवर घरात त्याची गरज पडणार नाही ना, हे निघण्याआधीच बघा. ‘असू दे, जमलं तर जाऊ’ म्हणून एखादा जादा देश यादीत घालायचा मोह टाळा.

प्रत्येक देशाला कार्नेट लागतं का?

नाही. नेपाळ आणि भूतानला भारतीय गाडीसाठी लागत नाही. तुर्कस्तान, जॉर्जिया, मध्य आशियातले देश आणि युरोपीय संघ यांनाही लागत नाही, ते स्वतःच्या पद्धतीने तात्पुरती आयात नोंदवतात. इराणला लागतं, ऑस्ट्रेलियाला लागतं, जपानला लागतं, इजिप्त आणि केनियालाही. म्हणजे आधी मार्ग ठरवायचा आणि मग कार्नेटचा अर्ज करायचा. बरेच जण उलटं करतात.

पहिल्यांदाच जातोय. सुरुवात कुठून करू?

नेपाळपासून, दुसरा विचारच करू नका. गोरखपूरमार्गे सुनौली, बिहारमधून रक्सौल, उत्तराखंडातून बनबसा किंवा सिलिगुडीजवळचं पानिटंकी, कुठूनही जा. भारतीय परवाना चालतो, व्हिसा नाही, ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. सीमेवर ‘भन्सार’ करायचा, म्हणजे जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यायची. दिवस मोजताना दोन दिवस जास्तीचे धरा, कारण पावसाळ्यात तिथे दरड कोसळून रस्ता बंद होणं नित्याचंच, आणि मुदत उलटून गेल्यावरचा दंड झोंबतो. वर्षाला एकूण ३० दिवसांची मर्यादा असते. आपल्या १ रुपयाचे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बदललेला नाही. जवळ १०० च्या नोटा ठेवा.

भूतानला जयगाव–फुन्त्शोलिंगच्या दारातून जातात. तिथे भारतीयांना माणशी, दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं आणि गाडीचा परवाना वेगळा काढावा लागतो. चार दिवस ठीक, पंधरा दिवसांचा हिशेब मात्र मांडून बघा.

या दोन सहलींत तुम्ही भन्सारची पावती जपायला शिकता, खिडकीवर न चिडता उभं राहायला शिकता. पुढच्या मोठ्या प्रवासात हेच उपयोगी पडतं.

पुण्याहून थेट लंडनपर्यंत चालवत जाता येईल का?

चाकांवर सलग जाण्याचा मार्ग आज फारच अरुंद आहे. पश्चिमेला वाघा–अटारीचं दार भारतीय दुचाकीस्वाराला बंद आहे. पूर्वेला मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारमधल्या तामूत उतरून थायलंड गाठता यायचं, अनेक मराठी मंडळींनी ती राइड केली आहे. पण फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तो रस्ता गेला, तिथे युद्ध सुरू आहे. तिकडे जाण्याचं धाडस कुणी करू नये, असं मी कळकळीने सांगतो.

उरतो उत्तरेचा मार्ग: नेपाळ, तिथून केरुंगमार्गे तिबेट आणि चीन, मग मध्य आशिया. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर सरकारमान्य संस्थेमार्फत परवानगी, पूर्णवेळ गाइड, तात्पुरती नंबर प्लेट आणि तात्पुरता वाहन परवाना हे सगळं लागतं. गाइडचा आणि त्याच्या गाडीचा खर्च तुमच्यावर पडतो, म्हणून लोक चार-सहाजणांचा गट करून जातात. शिवाय निसर्गाचा भरवसा नाही: जुलै २०२५ च्या पुरात याच वाटेवरचा रसुवागढीचा नेपाळ–चीन मैत्री पूल वाहून गेला.

म्हणून बहुतेक जण गाडी विमानाने किंवा बोटीने पुढच्या भूभागावर उतरवतात आणि तिथून चालवतात. त्यात काही कमीपणा नाही. आग्नेय आशियाला जाणारे काठमांडूहून बँकॉकला विमानाने गाडी पाठवतात. पण थायलंडचा परवाना आधी काढा, २०१६ पासून परदेशी गाड्यांना तिथे पूर्वपरवानगी आणि स्थानिक संस्था लागते.

श्रीलंकेला बोटीत गाडी टाकून जाता येईल?

नाही. नागपट्टिणम ते कांकेसंतुरै ही २०२३ मध्ये सुरू झालेली बोट प्रवाशांची आहे, गाड्या घेत नाही. मालवाहू मार्गाने पाठवणं शक्य आहे, पण एवढ्याशा अंतरासाठी तो खटाटोप मला पटत नाही. तिथे गाडी भाड्याने घ्या.

विमानाने पाठवू की बोटीने?

बोट स्वस्त, पण तारखांचा नेम नाही. विमान महाग, पण गाडी ठरल्या आठवड्यात हातात येते. व्हिसाचे दिवस मोजकेच असतील तर बोटीच्या भरवशावर स्वतःचं तिकीट काढू नका. माझी गाडी बंदर अब्बासला ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा पोचली आणि ते नऊ दिवस माझ्या इराणी व्हिसातून वजा झाले. इस्फहान एका संध्याकाळीत उरकावं लागलं, त्याची रुखरुख अजून आहे.

विमानाचं गणित मात्र समजून घ्या, कारण इथे हजारो रुपये वाचतात. एअर कार्गो प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते आकारतं. आकारमानाचं वजन म्हणजे क्रेटची, म्हणजे गाडी बंद करायच्या लाकडी पेटीची, लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचं. गाडी आहे तशी ठेवून २२० × ९० × १२० ची क्रेट केली तर ३९६ किलो होतात. पुढचं चाक काढलं, हँडल सोडवून आडवं बांधलं, आरसे आणि विंडस्क्रीन उतरवले आणि क्रेट १९० × ८० × १०५ मध्ये बसवली तर २६६ किलो. गाडी तीच, पण १३० किलोचं भाडं वाचलं. एक दिवस मेकॅनिकसोबत बसून हे स्वतः करून बघा, कारण पलीकडे गोदामात ती तुम्हालाच जोडायची आहे.

क्रेट बांधताना काय सांभाळायचं?

लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं आहे, त्यात कीड नाही, असा त्याचा अर्थ. गल्लीतल्या सुताराकडून साध्या फळ्यांची पेटी करून घेतलीत तर ती समोरच्या बंदरावर अडकू शकते.

विमानासाठी पेट्रोलची टाकी शक्य तितकी रिकामी करायची, बॅटरीची टोकं सोडवून झाकायची. गाडी धोकादायक माल म्हणून, यूएन ३१६६ या क्रमांकाखाली जाते, त्याचं घोषणापत्र लागतं. ते सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करणारा एजंट, करून देतो. क्रेटमध्ये कपडे, स्टोव्ह, लोणच्याची बरणी असं काहीही यादीत न लिहिता कोंबू नका. एका मित्राच्या पॅनिअरमध्ये (गाडीच्या बाजूच्या सामानपेटीत) कॅम्पिंगचा गॅसचा डबा निघाला आणि अख्खी क्रेट उघडून पुन्हा बांधावी लागली.

ऑस्ट्रेलियाला पाठवताय तर गाडी लख्ख धुवा. मडगार्डच्या आतला चिखल, रेडिएटरमध्ये अडकलेलं गवताचं बी, सगळं. तिथली जैवसुरक्षा तपासणी फार काटेकोर असते आणि गाडी मळकी निघाली तर त्यांच्या दराने धुऊन मिळते.

भारतातून गाडी बाहेर काढताना कस्टम्समध्ये काय होतं?

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर बघतात आणि आरसी व कार्नेटशी ताडतात. परत आणताना हीच जुळणी होते आणि ‘बाहेर गेली तीच गाडी परत आली’ हे सिद्ध झालं तरच शुल्काचा प्रश्न येत नाही. म्हणून बाहेर जाताना कार्नेटवर भारतीय कस्टम्सचा शिक्का घेतल्याशिवाय गोदाम सोडू नका.

मला इथेच पहिला धक्का बसला. माझ्या आरसीवर चेसिस नंबरातला एक आकडा चुकीचा छापला होता. दोन वर्षं गाडी चालवली, कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. आजच टॉर्च घ्या, गाडीच्या मानेवर कोरलेला नंबर वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. गाडी वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र, तेही इंग्रजीत. जमत असेल तर गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, सीमेवरचे निम्मे प्रश्न मिटतात.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना कुठे काढायचा?

तुमचा परवाना ज्या आरटीओचा आहे तिथे, फॉर्म ४-ए भरून. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो मूळ परवान्याचा जोडीदार आहे, एकटा चालत नाही, दोन्ही जवळ ठेवा.

एक बारकावा असा की आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे. जपानला तोच लागतो, त्यामुळे तिथे सोय होते. व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार मानतो, तिथे आपला परवाना चालत नाही. चीन दोन्ही मानत नाही.

मराठी नंबर प्लेट ठेवली तर? आपली ओळख आहे ती.

भावना समजते, माझ्याही पहिल्या गाडीवर देवनागरी आकडे होते. पण परदेशात प्लेट रोमन अक्षरांत आणि नेहमीच्या इंग्रजी आकड्यांतच हवी. शिवाय मागे पांढऱ्या लंबगोलावर काळ्या अक्षरांत आयएनडी हे भारताचं चिन्ह लावायचं. उच्च सुरक्षा पाटीवरची निळी बारीक अक्षरं त्याची जागा घेत नाहीत. मराठी लिहायचं तर टाकीवर लिहा. माझ्या टाकीवर ‘चला’ लिहिलं होतं आणि इराणमधल्या तबरीझमध्ये एका चहावाल्याने त्याचा अर्थ विचारून मला दोन ग्लास चहा पाजला.

भारतातला विमा परदेशात चालतो का?

शेजारी देशांपुरता वाढवता येतो. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान असं क्षेत्र वाढवून मिळतं. निघण्याआधी कंपनीकडून ते पॉलिसीवर लिहून घ्या, तोंडी ‘हो, चालतं’ यावर जाऊ नका.

त्यापलीकडे प्रत्येक देशाचा तृतीयपक्ष विमा सीमेवर विकत घ्यावा लागतो. युरोपात अनेक देशांना मिळून एकच ग्रीन कार्ड किंवा सीमाविमा मिळतो, अरब देशांमध्ये ऑरेंज कार्ड. हे विमे तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतात, तुमची गाडी नाही.

प्रवास आरोग्य विमा वेगळा, आणि त्यातली बारीक अक्षरं नक्की वाचा. कित्येक पॉलिसींमध्ये ठरावीक सीसीच्या वरची दुचाकी चालवताना झालेली इजा वगळलेली असते. बाकी कुठेही पैसे वाचवा, इथे नको.

सीमेवर गेल्यावर नेमकं काय करायचं?

घाई करायची नाही. सकाळी लवकर पोचा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी काम होतं. निघत्या देशात आधी पासपोर्टचा शिक्का, मग कस्टम्सची खिडकी शोधून गाडीचं निर्गमन. कार्नेट असेल तर स्थळप्रतीवरचा शिक्का, तारीख आणि सही तिथल्या तिथे उभं राहून वाचा. चुकीच्या पानावर तर नाही ना, हेही बघा. मग फोटो काढा आणि घरी पाठवा.

एका सीमेवर रात्री धो धो पावसात अधिकाऱ्याने निर्गमनाचा तुकडा फाडून घेतला आणि मला हाताने ‘जा’ म्हणून खुणावलं. मी थंडीने कुडकुडत होतो, निघालो. पलीकडच्या गावात खोलीवर पोचून पुस्तिका वाळत घातली तेव्हा दिसलं की स्थळप्रत कोरी आहे. रात्रभर झोप नाही. सकाळी परत गेलो, फाटकावर हातवारे करून, कार्नेट दाखवून चार तास विनवण्या केल्या, तेव्हा तो शिक्का मिळाला. ती खिडकी सोडण्याआधी तीस सेकंद थांबलो असतो तर हे झालं नसतं.

एखादा शिक्का राहूनच गेला तर?

गाडी भारतात परत आल्यावर इथल्या कस्टम्सकडून ‘गाडी प्रत्यक्ष भारतात आहे’ असा दाखला घेऊन कार्नेट देणाऱ्या संस्थेला सादर करता येतो. हे किचकट आहे, पण मार्ग आहे. बोटीचं बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती), पेट्रोलच्या पावत्या, पुढच्या देशातल्या प्रवेशाचे कागद, सगळं जपून ठेवा. सगळे शिक्के तपासून पुस्तिका स्वीकारली गेली की मगच हमी सुटते.

वाटेत घरी काही झालं आणि विमानाने यावं लागलं तर गाडीचं काय?

हा प्रश्न निघण्याआधी फार थोडे जण विचारतात. तुर्कस्तानात गाडीची नोंद तुमच्या पासपोर्टशी जोडलेली असते. गाडी तिथे ठेवून जायचं तर आधी ती कस्टम्सच्या ताब्यात द्यावी लागते, नाहीतर विमानतळावर थांबवतात. युरोपीय संघात गाडीला साधारण सहा महिने मिळतात, पण तुम्हाला शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच. म्हणजे तुमचं घड्याळ वेगळं आणि गाडीचं वेगळं. दोन्ही तारखा टाकीवरच्या बॅगेत एका कागदावर लिहून ठेवा.

गाडी चोरीला गेली तर?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या एका दुचाकीस्वाराची केटीएम इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला दिवसाढवळ्या चोरीला गेली, इतके देश पार करून आल्यावर. बातमी वाचून पोटात कालवलं. पासपोर्ट आणि पुस्तिका कधीही गाडीवर ठेवू नका. मोठ्या शहरात साखळी लावून, शक्यतो बंद आवारात गाडी उभी करा. चोरी झालीच तर पोलिसांची लेखी नोंद त्याच दिवशी घ्या. कार्नेटच्या देशात चोरी झाली तर ‘गाडी विकली नाही, चोरली गेली’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे तेवढाच आधार असतो.

कोणती गाडी न्यावी?

जी तुम्हाला उघडता-जोडता येते ती. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, त्यावर सामान चढलं की पडल्यावर एकट्याला उचलता येते का, हे पुण्यातच करून बघा. सोबत क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर, क्लच केबल, ट्यूब, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, फ्यूज ठेवा. उझबेकिस्तानात पंपावर ८० ऑक्टेनचं पेट्रोलही मिळतं, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते सोसत नाही, तेव्हा वरच्या दर्जाचं जिथे मिळेल तिथे टाकी भरून घ्या.

उजव्या बाजूने चालवायची सवय किती दिवसांत होते?

दोन दिवसांत. चुका होतात त्या पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि रिकाम्या रस्त्यावर सकाळी पहिलं वळण घेताना. मी स्पीडोमीटरवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावली होती, शेवटपर्यंत काढली नाही.

बाईने एकटीने जावं का?

२०२३ मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. कागद तेच, शिक्के तेच. मुक्कामाचं ठिकाण अंधाराआधी गाठावं, हा सल्ला मी पुरुषांनाही देतो.

एवढं करण्यापेक्षा तिकडे भाड्याने गाडी घेतली तर?

तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवस असतील तर भाड्यानेच घ्या, मी तसं स्पष्ट सांगतो. दोन महिन्यांच्या वर जाणार असाल तर स्वतःची न्या. इराण-तुर्कस्तान सीमेवरच्या बझरगनच्या चढावर समोर अरारात पर्वताचं बर्फ दिसलं तेव्हा माझ्या गाडीवर अजून ताम्हिणीतल्या दगडाचा ओरखडा होता. मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो.